साखळीची सावली

विश्वनाथ रणनवरे गेल्याचा फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. त्याच्या पुतण्याचा फोन. "आप्पा, दादा गेले." मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "आत्ता, सातच्या सुमाराला. झोपेतच." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेली दाढी सावकाश, नीट केली. पंचेचाळीस वर्षं ज्याच्या मागंमागं फिरलो तो माणूस गेला होता. मला कुठं कापलंसुद्धा नाही. झोपेत गेला, हे मात्र लागलं. म्हणजे त्याला झोप लागत होती तर... एवढंच मनात आलं.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. या दीड महिन्यात कोल्हापुरात दिग्दर्शक विश्वनाथ रणनवरे जिवंतपणी कधी नव्हता एवढा मोठा झाला. चौकाचौकांत फ्लेक्स लागले. एका फ्लेक्सवर तर मागं जो सिनेमा छापला होता तो त्याचा नव्हताच, पण त्याच्याखाली हात जोडून उभ्या असलेल्या अकरा कार्यकर्त्यांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. शोकसभेत एक प्राध्यापक पाऊण तास बोलले. त्याच्या सिनेमांतला झुलता दिवा हा नियतीचा लंबक, म्हणाले. माझ्या शेजारी बसलेला एक तरुण दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, "आप्पा, दादांचा लाइट म्हणजे नाद खुळा." मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मान हलवत होतो. पहिल्या रांगेत बसून मान हलवणं हे काम मी आयुष्यभर उत्तम केलं आहे.

मग या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, आठवणी सगळ्यांनीच लिहिल्यात, तुम्ही त्यांच्या थरारपटांतल्या समान सूत्रांवर लिहा, दृश्यशैलीवर लिहा, तुम्ही सहाही सिनेमांत त्यांचे सहायक होता, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार... फक्त व्यक्तिगत फार नको. ठीक आहे. शैलीवरच लिहितो.

ज्यांनी हे सिनेमे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 'पेठेतलं प्रेत' हा पहिला. त्यानंतर 'डाव्या हाताची गाठ', 'कुलपाची दुसरी किल्ली', 'बारा वाजून दहा' आणि आणखी दोन, ज्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत आणि आठवायची गरजही नाही. सहाही सिनेमांत एक दिवा छताला टांगलेला असतो आणि तो झुलतो. त्याच्याखाली बसलेल्या माणसाची सावली भिंतीवर लांब होते, आखूड होते. पहिला सोडला तर पुढच्या पाचही सिनेमांत खुनाचा आळ एखाद्या कष्टकरी माणसावर येतो. कधी ड्रायव्हर, कधी वॉचमन, कधी आचारी. तो निर्दोष असतो. शेवटी एक रुबाबदार इन्स्पेक्टर लांबलचक भाषण करून त्याला सोडवतो, आणि तो इन्स्पेक्टरच्या पायांवर कोसळतो. कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला असतो, त्यामुळं बूट मोठे दिसतात आणि जोडलेले हात लहान. आणि या पाचही सिनेमांत, दाराच्या आड किंवा काचेच्या मागं, एक माणूस उभा असतो. तो सगळं बघत असतो. तो अस्पष्ट असतो, त्याचा चेहरा कधीच फोकसमध्ये येत नाही, आणि तो कधीच काही बोलत नाही. अभ्यासक त्याला 'धूसर साक्षीदार' म्हणतात. समाजाचं मौन म्हणतात. एकानं त्याच्यावर सतरा पानं लिहिली आहेत.

तो माणूस मी आहे. रूपकानं म्हणत नाही. तो मीच, माझ्याच शर्टात.

विश्वनाथला डोळा होता, हे नाकारलं तर मीही त्याच्यासारखाच खोटा ठरेन. लाकडी पाटावर बसून, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तो एखाद्या रिकाम्या खोलीकडं बघायचा, आणि ती खोली भीतिदायक वाटायला लागायची. तेवढी एक गोष्ट त्याला देवानं दिली होती. बाकी सगळं त्यानं दुसऱ्यांकडून घेतलं. माणसांना तो नावानं हाक मारत नसे. "ए कॅमेरा", "ए मेकअप", "ए लाइट". वर्षानुवर्षं बरोबर काम केलेल्या माणसाचं नाव त्याला सांगता यायचं नाही, आणि याचं लोकांना कौतुक वाटायचं, कामात एवढा बुडालेला असतो म्हणून. मी जयसिंगपूरचा, वडिलांचं कापडाचं दुकान. दुकानात बसायचं नव्हतं म्हणून कोल्हापूरला आलो. माझं अक्षर चांगलं होतं. कुठल्या शॉटमध्ये नटाच्या हातात कप होता, कुठल्या हातात होता, बटण लावलेलं होतं की उघडं, हे सगळं वहीत लिहून ठेवायला त्याला माणूस हवा होता. त्यानं माझं अक्षर बघितलं आणि म्हणाला, "मर्दा, हे तर छापल्यागत हाय. राहा इथंच." मला फार आनंद झाला होता. तो आनंद आठवला की आज मला किळस येते.

'पेठेतलं प्रेत'चं शूटिंग शाहूपुरीतल्या एका बंद पडलेल्या गुळाच्या गोदामात चाललं होतं. गोदाम रिकामं होऊन काही वर्षं झाली होती, तरी फरशीला चप्पल चिकटायची आणि दिवे लावले की ऊब लागून गुळाचा वास उठायचा. गांधीलमाश्या यायच्या त्या वेगळ्याच. दिव्यांचं सगळं काम बापू कांबळेकडं होतं. बापू गडमुडशिंगीचा. तेव्हा तिशीच्या आतला, बोलायला तिखट, आणि कामात इतका काटेकोर की वैताग यावा. दिवा टांगला की स्वतः त्याच्याखाली जाऊन उभा राहायचा. म्हणायचा, "मी उभारलो आणि काय झालं न्हाय, तर मग हिरो उभा करा." तो झुलता दिवाही बापूचीच कल्पना होती. विश्वनाथला चौकशीच्या प्रसंगात भीती हवी होती आणि ती कशी आणायची हे त्याला सुचत नव्हतं. बापू म्हणाला, "दिवा हलवून बघूया काय? आमच्याकडं जत्रंत गॅसबत्ती वाऱ्यानं हलती तवा माणसांची तोंडं भुतासारखी दिसत्यात." पुढं आयुष्यभर विश्वनाथ मुलाखतीत सांगत राहिला की हे दृश्य त्याला लहानपणी तापात दिसलं होतं.

बापूनं दिवा छताच्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे कैचीला, जाड दोरानं टांगला, आणि दोर तुटला तर दिवा अडकून राहावा म्हणून शेजारून एक साखळी ढिली सोडून बांधली. मी खाली वही घेऊन उभा होतो. त्यानं ती बांधताना मी पाहिलं. दोनदा ओढून बघताना पाहिलं. खाली खुर्चीवर गजाभाऊ बसले होते, जुन्या नाटक कंपनीतले नट, साठीला आलेले. पहिला टेक झाला. दिवा झुलला, गजाभाऊंची सावली भिंतीवर धावली, पण तिच्यासोबत आणखी एक बारीक रेघ धावली. साखळी झोक्याबरोबर दिव्याच्या तोंडाशी येत होती आणि तिची सावली भिंतीवर पडत होती. विश्वनाथ उठला. "ए लाइट, ती साखळी काढ."

बापू म्हणाला, "काढायची न्हाय दादा. दोर कैचीवर घासतोय. साखळी हाय म्हणून तर मी हलवू देतोय."

"फ्रेममध्ये सावली यायलीय."

"येऊ दे की. गोदाम हाय. गोदामात साखळी असतीच."

एवढंच बोलणं. ज्यांनी ते ऐकलं त्या चार-पाच जणांना पुढच्या सिनेमात काम हवं होतं, त्यामुळं नंतर कुणीच ते ऐकलेलं नव्हतं. विश्वनाथ हसला. म्हणाला, "बरं, जेवून घ्या सगळी." युनिट मागच्या अंगाला जेवायला गेलं. बापूही गेला. गजाभाऊंना विश्वनाथनं थांबवून घेतलं, मुंबईहून तीन दिवसांसाठी आलेल्या कॅमेरामनला थांबवून घेतलं, आणि मला म्हणाला, "आप्पा, तू बारीक हाईस. चढ वर."

मी चढलो. का चढलो, याची मी पंचेचाळीस वर्षं कारणं शोधली आहेत आणि त्यातलं एकही कारण टिकत नाही. त्यानं धमकी दिली नव्हती. पुढचा सिनेमा तुझा, असं तो म्हणायचा, पण त्या क्षणी तेही म्हणाला नव्हता. त्यानं फक्त चढ म्हटलं. साखळीची कडी काढून ती खाली टाकायला मला काही क्षण लागले. खाली उतरलो तेव्हा हाताला गंज लागला होता.

दुसरा टेक लागला आणि तिसऱ्या झोक्याला दोर तुटून दिवा पडला. गजाभाऊंच्या उजव्या खांद्यावर. डोक्यावर पडला असता तर जागेवरच गेले असते. त्यांच्या ओरडण्यापेक्षा मला दुसरंच वाक्य जास्त ऐकू येतं. विश्वनाथचं पहिलं वाक्य. तो गजाभाऊंकडं वळला नाही, कॅमेरामनकडं वळला आणि म्हणाला, "मिळालं काय?"

मिळालं होतं. 'पेठेतलं प्रेत'मधला तो सुप्रसिद्ध शॉट, ज्यात दिवा झुलता झुलता एकदम अंधार होतो आणि प्रेक्षक किंचाळतात, तो हाच. अंधारानंतरचं सगळं कापून टाकलंय, एवढंच. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा एका म्हाताऱ्या नटाचा खांदा चुरगळत असतो. गजाभाऊंचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. हार गळ्यात घालून घेता येईल, पण घालता येणार नाही, असं ते हसून म्हणायचे. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

लोक धावत येण्याआधी विश्वनाथनं जमिनीवरची साखळी उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "त्याच्या पेटीत टाक." मी बापूच्या हत्यारांच्या पेटीत टाकली. पेटीचं झाकणही लावलं.

पुढं चौकशी झाली. पोलिसांचा पंचनामा झाला, निर्मात्याची वेगळी झाली, लाइटवाल्यांच्या संघटनेची वेगळी झाली. गजाभाऊ दवाखान्यात होते, कॅमेरामन मुंबईला परतला होता; त्यांना कुणी विचारलंच नाही. अक्षर चांगलं म्हणून जबाब लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी लिहिलं, 'सुरक्षेची साखळी अपघातानंतर कांबळे यांच्या पेटीत आढळली.' वाक्य खरं आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही. इतकं खरं आणि इतकं नीच वाक्य मी पुन्हा कधी लिहिलं नाही. बापू सगळ्यांना ओरडून सांगत होता, "मी बांधली हुती. दोनदा ओढून बघितलीया." विश्वनाथ अगदी हळू आवाजात, दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, "चांगला कामगार हाय हो. पण ह्या लोकांचं असंच असतंय." ह्या लोकांचं म्हणजे कोणाचं, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. कांबळे हे आडनाव पुरेसं होतं. बापूचं संघटनेचं कार्ड रद्द झालं. कोल्हापुरातल्या एकाही सेटवर त्याला पुन्हा दिवा लावू दिला नाही.

आता समान सूत्रांकडं येतो. दुसऱ्या सिनेमाच्या वेळी विश्वनाथनं गोष्ट ऐकवली. निर्दोष ड्रायव्हरवर खोटा आळ येतो... मी ऐकत होतो. मला वाटलं, याला आतून काहीतरी टोचतंय, हा सिनेमाच्या मार्गानं कबूल करणार आहे. मी वेडा होतो. त्याला काही टोचत नव्हतं. त्याला एक चांगलं कथानक फुकट मिळालं होतं. निर्दोष माणसाचा तळतळाट कसा दिसतो, तो हात कसे हलवतो, त्याचा आवाज कुठं फाटतो, हे त्यानं बापूकडं बघून टिपून ठेवलं होतं, आणि पाच सिनेमे ते वापरलं. पाच वेळा त्यानं निर्दोष माणसाला पडद्यावर सोडवलं आणि पाच वेळा टाळ्या घेतल्या. खऱ्या माणसाला सोडवायला त्याला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. आणि तो पायांवर कोसळण्याचा प्रसंग... तो मला सगळ्यांत घाण वाटतो. बापू कुणाच्या पाया पडला नव्हता. विश्वनाथला ते आवडलं नव्हतं. म्हणून प्रत्येक सिनेमात त्यानं त्याला पाया पडायला लावलं.

धूसर साक्षीदाराचंही सांगून टाकतो. 'डाव्या हाताची गाठ'च्या सेटवर तो मला म्हणाला, "आप्पा, तू दारात उभा राहा. चेहरा दिसायचा न्हाय तुझा, भिऊ नको." मी उभा राहिलो. पुढच्या सिनेमात काचेच्या मागं. त्याच्या पुढच्यात जिन्यावर. शेवटी एकदा मी धीर करून विचारलं, दरवेळी मलाच का उभं करतोस. तो लवंग चघळत होता. म्हणाला, "तुझ्याएवढं चांगलं गप्प उभं राहायला दुसऱ्या कुणाला जमत न्हाय, लेका." आणि सगळ्या युनिटसमोर खदखदून हसला. युनिट हसलं. मीही हसलो. समाजाच्या मौनावर सतरा पानं लिहिणाऱ्या सद्गृहस्थांना माझी विनंती आहे, त्यांनी ती पानं फाडून टाकावीत. तो समाज नव्हता. एका माणसानं दुसऱ्या माणसाच्या गळ्यात बांधलेली दोरी होती, आणि ती ओढून बघण्याची त्याची ती पद्धत होती.

पण विश्वनाथ रणनवरेच्या साऱ्या कलेत मला सर्वांत हास्यास्पद वाटते ती वेगळीच गोष्ट. 'पेठेतलं प्रेत'मधला चौकशीचा प्रसंग संकलनाच्या टेबलावर आला तेव्हा शॉट कमी पडले. म्हणून त्यानं सुरुवात पहिल्या टेकमधून घेतली आणि शेवट दुसऱ्या टेकमधून. त्यामुळं सुरुवातीला भिंतीवर साखळीची सावली हलताना दिसते, मध्ये गजाभाऊंचा चेहरा येतो, आणि पुन्हा भिंत दिसते तेव्हा सावली नाही. दोन टेकमध्ये काय बदललं हे वहीत लिहायचं काम माझं. मला ते टेबलावरच दिसलं. त्यालाही दिसलं. म्हणाला, "सावली कोण बघतंय?" म्हणजे बापूनं साखळी बांधली होती आणि नंतर कुणीतरी ती काढली, याचा पुरावा या दीडशहाण्यानं स्वतःच्या हातानं सिनेमात चिकटवला आणि थिएटरात लावला. तो पुरावा पंचेचाळीस वर्षं सगळ्यांनी पाहिला. आणि अभ्यासकांनी काय केलं? सावली नाहीशी होते म्हणजे कायद्याचं बंधन गळून पडतं, असं लिहिलं! विश्वनाथला एका मुलाखतीत विचारलं तर त्यानं क्षणभर डोळे मिटले आणि सांगितलं, "व्हय, ते मुद्दाम केलंय." आणि मी? जयसिंगपूरच्या एका व्याख्यानमालेत मी हेच बंधन आणि हीच मुक्ती अर्धा तास समजावून सांगितली. माझ्याच गावात. शाल घेऊन घरी आलो.

बापू मला मधल्या काळात एकदाच भेटला. वीसेक वर्षांपूर्वी, लक्ष्मीपुरीत, भर बाजारात. गडमुडशिंगीत मोटार वाइंडिंगचं काम करत होता, पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. तांब्याची तार घ्यायला आला होता. हसून बोलला. मग जरा बाजूला घेऊन म्हणाला, "आप्पा, एक इचारू? तुम्ही तिथं हुतासा. मी साखळी बांधली हुती का न्हाय? आता माझं मलाच कळंना झालंय." मला तेव्हा एकच शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "मी जेवायला गेलतो, बापू." तो म्हणाला, "व्हय व्हय, जेवायची वेळ हुती." आणि तार घेऊन गेला. विश्वनाथच्या नावावर मी पुष्कळ पापं लिहितो आहे, पण हे पाप त्याचं नाही. तिथं तो नव्हता. मला कुणी चढ म्हटलं नव्हतं.

संपादकांचा फोन आल्यावर मी लेख लिहायला बसलो होतो, नेहमीचाच. नियतीचा लंबक झाला, धूसर साक्षीदार झाला, साखळीच्या सावलीपाशी आलो आणि पेन पुढं सरकेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडून गडमुडशिंगीला गेलो. बापू घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये तारेचे वेढे मोजत बसला होता. "या आप्पा. दादा गेले म्हणं. वाईट झालं." त्यानं खरोखर तसं म्हटलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "बापू, साखळी तू बांधली होतीस. ती मी काढली."

त्याचा हात थांबला. "मोजल्यालं गेलं," म्हणाला. तारेचं टोक त्यानं खाली ठेवलं. मग, "वर कोण चढलंवतं?"

"मी."

"आणि पेटीत?"

"मीच टाकली."

"तू?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला तू म्हटलं.

त्याची बायको, शालनवहिनी, आतून हात पुसत बाहेर आल्या होत्या. मी फोनवर 'पेठेतलं प्रेत'चा तो प्रसंग लावला. बापूनं हा सिनेमा कधी पाहिलाच नव्हता, तो लागलेल्या थिएटरच्या गल्लीतून जायचंसुद्धा सोडलं होतं. पहिल्या शॉटला मी चित्र थांबवलं. भिंतीवर ती बारीक रेघ होती. बापूनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला, फोन नाकाशी नेला. "माझीच हाय. ही मधली गाठ बघ, फुगल्यागत दिसतीया. कडी मोडली हुती, मी तारेनं जोडली हुती." मग मी पुढचा शॉट दाखवला. भिंतीवर रेघ नव्हती.

शालनवहिनी म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही बांधली हुती."

"बोंबलून सांगत हुतो की."

"तुम्हीच एकदा म्हणालासा, बांधली का न्हाय आठवंना."

"ते ह्याला बाजारात इचारल्यावर. हा म्हणाला, मी जेवायला गेलतो."

वहिनी माझ्याकडं वळल्या. "पावणं, तुमचं वय काय हो?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि एवढं बोलायला दादा मरायची वाट बघितलासा?"

मी बापूला विचारलं, हे सगळं पेपरात छापू का. तो पुन्हा पहिल्यापासून वेढे मोजायला लागला होता. मान वर न करता म्हणाला, "छाप. पण दादाच्या नावानं शिमगा करून तू सुटू नको. वर तू चढलावतास. आणि मला गरीब बिचारा लिवू नको, दादानं लई दाखवलाय तसला. बापू सखाराम कांबळे, लाइटचं काम पक्कं करायचा, एवढं लिव." लिहिलं आहे. त्यानं सांगितलं म्हणून माझ्या वाट्याचं सगळं त्यात आहे, आणि विश्वनाथच्या वाट्याचं मी कमी केलेलं नाही.

मी निघायच्या बेतात होतो तेव्हा एक गिऱ्हाईक आपल्या पंपाची भरून झालेली मोटार न्यायला मोपेड घेऊन आलं, गावातलाच पन्नाशीचा शेतकरी. बापूनं मोटार मागच्या कॅरियरवर ठेवली, दोराचे दोन फेरे टाकले आणि गाठ आवळली. शालनवहिनी सवयीनं पुढं गेल्या. त्यांचा हात दोरापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी तो पदराला पुसला आणि मागं घेतला.

तो शेतकरी मोपेड चालू करता करता हसून म्हणाला, "काय काकू, आज गाठ ओढून बघायची न्हाय व्हय? काकांनी काय बी बांधलं तर तुमी बघितल्याबिगर सोडत न्हाय की."

"न्हाय," त्या म्हणाल्या. "जावा तुमी. त्यांनी बांधलीया."